वाढत्या मुलाच्या जबड्यात मिनीस्क्रू : होकार देण्याआधीपासून स्क्रू काढेपर्यंत

"डॉक्टर, स्क्रू म्हणजे तो भिंतीत मारतात तसला?" गेल्या पावसाळ्यात परळच्या एका आजींनी मला विचारलं. बारा वर्षांची नात शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. तिचा वरचा उजवा सुळा टाळूत आडवा अडकलेला. तो बाहेर ओढताना आधार म्हणून टाळूच्या हाडात मिनीस्क्रू, म्हणजे छोटा तात्पुरता स्क्रू, घालायचं बोलणं चाललं होतं. मी नमुन्याचा स्क्रू काढून आजींच्या तळहातावर ठेवला. दीड मिलिमीटर जाड, आठ मिलिमीटर लांब, म्हणजे बासमतीच्या दाण्याएवढा. आजींनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रू डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "हा तर माझ्या कुडीच्या मळसूत्राएवढा!"

भीती तिथे निम्मी झाली. उरलेली निम्मी रास्त होती, कारण मूल वाढतं आहे, हाड कोवळं आहे आणि आत अजून न उगवलेले दात आहेत. मी दादरला दातांच्या तारा लावण्याचं काम करते. पालक मला "लावायचा की नाही?" एवढंच विचारतात. मोठ्या माणसाच्या बाबतीत तो प्रश्न पुरतो. वाढत्या मुलात मात्र कधी आणि कुठे, या दोन प्रश्नांवर सगळं अवलंबून असतं.

आधी हे समजून घ्या : स्क्रू ओढत नाही, धरून ठेवतो

गुळगुळीत ओल्या फरशीवर उभं राहून लोखंडी कपाट ओढून बघा. कपाट हलायच्या आधी तुम्हीच कपाटाकडे घसरत जाल. दातांचं तसंच आहे. मागच्या दाढेला धरून पुढचा दात मागे ओढला, की दाढही थोडी पुढे सरकते. ती सरकू नये म्हणून पूर्वी डोक्याला पट्टा बांधून बाहेरून आधार घ्यायचे. तो पट्टा रोज बारा-चौदा तास घालायचा असे. किती मुलं घालायची ते विचारू नका.

मिनीस्क्रू म्हणजे हाडात रोवलेला खुंटा. १९४५ साली गेन्सफोर्थ आणि हिग्ली यांनी कुत्र्यांच्या जबड्यात असे स्क्रू घालून पाहिले. महिनाभरात सगळे सैल झाले. १९८३ मध्ये क्रीकमोर आणि एक्लंड यांनी एका रुग्णाच्या नाकाखालच्या हाडात स्क्रू घालून वरचे पटाशीचे दात सुमारे ६ मिलिमीटर वर चढवले. १९९७ मध्ये जपानच्या कानोमी यांनी १.२ मिलिमीटर जाडीचा स्क्रू वापरला, आणि दोन मुळांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतही खुंटा रोवता येतो हे दिसलं. आज वापरतो ते स्क्रू त्याच घराण्यातले, बहुतेक टायटॅनियमच्या मिश्रधातूचे.

इथे एक गोंधळ लगेच मिटवते. हा "इम्प्लांट" नव्हे, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी कायमचा बसवतात तो नव्हे. कायमच्या इम्प्लांटला हाड चिकटतं, आणि त्याने तसं चिकटावं हीच अपेक्षा असते. वाढत्या मुलात तो बसवला, तर शेजारचे दात हाडासकट खाली उतरत राहतात आणि इम्प्लांट मात्र जिथल्या तिथे राहतो. काही वर्षांनी तो दात आखूड दिसू लागतो. म्हणून तो वाढ संपेपर्यंत बसवायचा नसतो. मिनीस्क्रू हाडात मळसूत्राच्या पकडीवर उभा असतो. काम झालं की उलटा फिरवून काढतात.

"उंची खुंटेल का?" हेही विचारतात. नाही. विमानतळावरही वाजत नाही.

पहिली पायरी : पत्रिकेतलं वय बाजूला ठेवा

शाळेच्या दाखल्यावर तेरा वर्षं लिहिलेल्या दोन मुलींमध्ये एकीची वाढ संपत आलेली असते, दुसरीची नुकतीच जोरात सुरू झालेली असते. आम्ही बघतो ते हाडाचं वय. त्यासाठी बहुतेक वेळा वेगळा एक्स-रे लागत नाही. तारांच्या आधी चेहऱ्याचा बाजूने जो एक्स-रे काढतात, त्यात मानेचे मणकेही दिसतात. दुसरा, तिसरा आणि चौथा मणका पाहायचा. त्यांच्या खालच्या कडा सपाट असतील तर वाढीची मोठी उडी अजून यायची आहे. कडांना खोलगटपणा येत गेला आणि मणके चौकोनी होऊन उंच दिसू लागले, की ती उडी होत आली किंवा होऊन गेली. डॉक्टरांना सरळ सांगा, "मणके दाखवा." दाखवण्यासारखं आहे ते, आणि पालकांनाही चटकन कळतं.

मुलगी असेल तर पाळी सुरू झाली का, कधी झाली, हे आम्ही विचारतो. आया कधीकधी अवघडतात, वडील सोबत असतील तर जास्तच. पण ती माहिती कामाची आहे. पाळी सुरू झाली म्हणजे वाढीचा सर्वांत वेगाचा काळ बहुतेक मागे पडलेला असतो. मुलगे साधारण दोन वर्षं मागे असतात. गेल्या सहा महिन्यांत मुलाची पँट किती वेळा आखूड झाली, हाही माझा आवडता प्रश्न आहे.

एवढी चौकशी का? कोवळ्या हाडाचा वरचा कठीण थर पातळ असतो, आणि स्क्रूची सगळी पकड त्याच थरावर असते. शिवाय वाढत्या हाडात घडमोड सतत चालू असते. वेगवेगळ्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर सगळ्या वयांत मिळून साधारण १३-१४ टक्के स्क्रू सैल होतात किंवा मुदतीआधी काढावे लागतात, म्हणजे सात-आठांतला एक. लहान वयात, हिरडीच्या गालाकडच्या बाजूला आणि खालच्या जबड्यात ही शक्यता आणखी वाढते. टाळूत ती बरीच कमी असते.

दुसरी पायरी : गरज खरी आहे का, ते तपासा

काही तक्रारींत स्क्रूमुळे मोठा फरक पडतो. काहींत तो उगाच घातला जातो.

सुळ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे पालकांच्या हातात बरंच असतं. मूल दहा वर्षांचं झालं की वरच्या दुधाच्या सुळ्याच्या मुळाशी, गालाच्या बाजूने, हिरडीवरून बोट फिरवा. आतला पक्का सुळा फुगवट्यासारखा लागायला हवा. एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं असेल तर दाखवायला आणा. कारण तो टाळूकडे भरकटत असेल, तर वेळेवर दुधाचा सुळा काढल्यानेही बरेचदा मार्गाला लागतो. स्वीडनच्या एरिक्सन आणि कुरोल यांनी १९८८ मध्ये १० ते १३ वर्षांच्या मुलांतले असे ४६ सुळे पाहिले; दुधाचा सुळा काढल्यावर त्यांतले ३६ सरळ झाले. यात स्क्रू नाही, तारा नाहीत. आजींची नात दोन वर्षं आधी आली असती तर आम्हीही हेच करून पाहिलं असतं. बाराव्या वर्षी, सुळा आडवा झोपलेला असताना, त्याला बाहेर खेचायला भक्कम खुंटा लागतो. शेजारच्या दातांना बांधून ओढलं तर तेच वाकडे होतात. अशा वेळी टाळूतला स्क्रू हा उत्तम उपाय.

दुसरी मोठी गोष्ट उलटा चावा, म्हणजे खालचे दात वरच्यांच्या पुढे. यात वरचा जबडा मागे राहिलेला असेल तर सात ते दहा वर्षांच्या वयात चेहऱ्यावर मुखवट्यासारखी चौकट बांधून, रबरांनी वरचा जबडा पुढे ओढतात. पूर्वी ही ओढ दाढांवर यायची, त्यामुळे जबड्याऐवजी दातच पुढे जायचे, आणि दुधाच्या दाढा हलत असतील तर धरायलाही काही नसायचं. आता टाळूत दोन स्क्रू घालून त्यांवर जबडा रुंद करणारं उपकरण बसवतात आणि चौकटीची ओढ हाडावर देतात. मूल अकराच्या पुढे गेलं असेल, खालचे पक्के सुळे उगवलेले असतील, तर बेल्जियमचे ह्यूगो दे क्लर्क यांनी रूढ केलेली पद्धत असते. हिरडी उघडून हाडावर छोट्या पट्ट्या स्क्रूंनी बसवायच्या आणि तोंडातल्या तोंडात चोवीस तास रबरं लावायची. चेहऱ्यावर चौकट नको, पण ही शस्त्रक्रिया आहे, लावताना एकदा आणि काढताना एकदा. हे ऐकून मगच होकार द्या. आणि दोष खालच्या जबड्याच्या जास्तीच्या वाढीत असेल, घरात आजोबांपासून तीच ठेवण चालत आली असेल, तर आज कितीही केलं तरी अठरानंतर शस्त्रक्रिया लागू शकते. हे आधी सांगणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवा.

टाळू अरुंद असेल तर? नऊ-दहा वर्षांच्या मुलात टाळूचा मधला सांधा साध्या, दाढांना चिकटवलेल्या उपकरणानेही उघडतो. फक्त तेवढ्यासाठी कोणी स्क्रू सुचवला तर "साध्याने का होणार नाही?" हे विचारा. दुधाच्या दाढा निकामी आहेत किंवा सोबत चौकटही लावायची आहे, असं उत्तर असेल तर ते पटण्यासारखं आहे. सोळा-सतराव्या वर्षी गोष्ट वेगळी. सांधा घट्ट होत आलेला असतो आणि तिथे स्क्रूच्या आधाराने रुंदीकरण करणं समजण्यासारखं आहे.

जन्मतः एखादा पटाशीचा बाजूचा दात आलाच नसेल तर वाढ संपेपर्यंत मिनीस्क्रूच्या आधारावर तात्पुरता दात बसवता येतो. मी तो आधार टाळूतून घेणं पसंत करते. दाताच्या रिकाम्या जागीच उभा स्क्रू घातला तर तिथल्या हाडाची उभी वाढ अडू शकते.

राहिला खालचा जबडा मागे असल्याचा प्रश्न. तो स्क्रूने वाढत नाही. त्याची उपकरणं वेगळी.

तिसरी पायरी : जागा

मुलाला सांगा, जीभ वरच्या पटाशीच्या दातांमागून हळूहळू मागे ने. आडव्या सुरकुत्या लागतील. त्या सुरकुत्या संपतात तिथे, मधल्या रेषेच्या किंचित बाजूला, वाढत्या मुलातली सर्वांत भरवशाची जागा आहे. हाड चांगलं, वरची त्वचा घट्ट. नेमक्या मधल्या रेषेवर मात्र नको. तिथे सांधा अजून वाढत असतो. त्यात स्क्रूला पकडही मिळत नाही आणि टाळूच्या रुंदीच्या वाढीला अडथळा होऊ शकतो. दोन-तीन मिलिमीटर बाजूला सरकलं की दोन्ही प्रश्न सुटतात.

मोठ्यांमध्ये वरची दुसरी उपदाढ आणि पहिली मोठी दाढ यांच्या मुळांमधली जागा आवडती असते. आठ-दहा वर्षांच्या मुलात तिथे दुधाच्या दाढांखाली पक्क्या दातांचे कोंब बसलेले असतात, सुळा वर कुठेतरी उतरायच्या बेतात असतो. सुई घुसवायलाही जागा नसते. सगळे पक्के दात उगवल्यावर, साधारण तेरानंतर, या जागेचा विचार करता येतो, तोही मुळांमध्ये निदान तीन-साडेतीन मिलिमीटर मोकळीक असेल तर. आणि स्क्रू हिरडीच्या घट्ट गुलाबी पट्टीतच हवा. त्याच्या पलीकडच्या लालसर हलत्या भागात घातला तर प्रत्येक घासागणिक कातडी स्क्रूला घासते आणि सूज येते.

ही अक्कल मला सुरुवातीला नव्हती. बारा वर्षांच्या एका मुलाच्या खालच्या जबड्यात, मुळांच्या मध्ये मी स्क्रू घातला आणि उत्साहाने त्याच दिवशी दात ओढणारी स्प्रिंगही लावली. सतराव्या दिवशी त्याची आई स्टीलच्या छोट्या डबीत, कापसावर ठेवून तो स्क्रू घेऊन आली, मोती आणावा तसा. "काल भात खाताना आला," म्हणाली. रागावली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून या वयात मी टाळू सोडून दुसरीकडे फार क्वचित जाते, आणि बाजूला घालावाच लागला तर काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही, त्याच्यावर ओढ देत नाही.

जागा ठरवताना थ्री-डी स्कॅन लागेलच असं नाही. सुळा अडकलेला असेल तर बहुधा लागतो, नाहीतर नेहमीचा सबंध जबड्याचा एक्स-रे अनेकदा पुरतो. स्कॅनमध्ये किरणांची मात्रा साध्या एक्स-रेपेक्षा जास्त असते आणि मूल लहान आहे. म्हणून स्कॅन कशासाठी हवा ते विचारा, आणि फक्त गरजेपुरता भाग घेता येईल का, हेही.

चौथी पायरी : तारीख आणि डॉक्टर

स्क्रू निघायचा असेल तर बहुधा पहिल्या काही महिन्यांतच निघतो. म्हणून गणपतीला गावी जायच्या आदल्या आठवड्यात स्क्रू घालू नका. राजापूरच्या वाडीत रात्री स्क्रू हलू लागला तर फोनवर धीर देण्यापलीकडे मी काही करू शकत नाही. मे महिन्यात गावी जाणार असाल तर परतल्यावरची तारीख घ्या. दहावीची परीक्षा मार्चमध्ये असेल तर फेब्रुवारी टाळा. दुखतं म्हणून नव्हे. त्या महिन्यात घासणं, खाणं, झोप सगळंच विस्कटलेलं असतं. माझ्याकडे डोंबिवली-बदलापूरहून येणाऱ्या मुलांना मी सकाळची वेळ देत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये लोंबकळत, उपाशी आलेलं मूल खुर्चीत लवकर घाबरतं. शनिवारी दुपारी, जेवून आलेलं मूल चांगलं.

डॉक्टर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात-जबडे सरळ करण्याच्या शाखेत, एमडीएस (पदव्युत्तर पदवीधर) आहेत का, महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. त्यांनी या वयाच्या मुलांना स्क्रू घातले आहेत का, हेही विचारा. खर्चाबद्दल एकच प्रश्न महत्त्वाचा : स्क्रू निघाला तर दुसऱ्याचे पैसे वेगळे का? आकड्यावरून होणारे वाद बहुतेक तिथेच सुरू होतात, म्हणून ते कागदावर घ्या. खासगीत परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे आणि सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे हा विभाग आहे, पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ लागतो, रांग असते. विद्यार्थ्यांचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो, म्हणून आपली केस मध्येच दुसऱ्याकडे जाईल का, हे सुरुवातीलाच विचारून ठेवा.

मुलाला मधुमेह, रक्तस्रावाचा आजार, हृदयाचा दोष, पूर्वी कर्करोगाचे उपचार, हाडांसाठीची औषधं असं काही असेल तर ते आधी सांगा, फाइल घेऊन या. हृदयाच्या दोषात कार्डिओलॉजिस्टचं लेखी मत लागतं. आणि दातांवर पिवळा थर, हिरड्यांतून रक्त असेल तर मी स्क्रू पुढे ढकलते. आधी दोन महिने नीट ब्रश करून दाखवायचा.

संमतीपत्रावर सही पालकांची असते. पण मुलाला समजावून, त्याचा होकार घेऊनच पुढे जा. जबरदस्तीने घातलेला स्क्रू मूल जिभेने हलवून काढतं. हे मी पाहिलं आहे.

त्या दिवशी खुर्चीत काय होतं

आजींच्या नातीचंच सांगते. आधी तिने क्लोरहेक्सिडिनच्या जंतुनाशक पाण्याने अर्धा मिनिट चूळ भरली. मग टाळूवर बधिर करणारा जेल लावून थांबलो. टाळूतलं इंजेक्शन झोंबतं. "नाही दुखणार" असं मी कधी म्हणत नाही, "दहा आकडे मोजेपर्यंत झोंबेल" म्हणते. ती मोठ्याने मोजत होती. सहावर थांबली, म्हणाली, "गेलं." औषध मुद्दाम थोडंच देतो, मिलिलिटरच्या अर्ध्याहून कमी. हाडाला स्वतःची फारशी जाणीव नसते, पण दाताच्या मुळाभोवती असते. मुळांच्या मध्ये स्क्रू घालताना चुकून मूळ लागलं, तर मुलाला कळायला हवं आणि त्याने हात वर करायला हवा. म्हणजे स्क्रू मागे घेऊन दिशा बदलता येते. पूर्ण बधिर केलं तर ही घंटा बंद पडते.

स्क्रू हाताच्या ड्रायव्हरने फिरवते, सावकाश. कातडी ओलांडली की टोक कठीण थराला भिडतं. तिथे थोडा दाब लागतो, हाताला कोरड्या सुपारीत टोचल्यासारखं जाणवतं. मग वाट मोकळी होते आणि शेवटच्या दोन फेऱ्यांना पकड आवळत जाते. ही आवळ कमी लागली तर स्क्रू टिकणार नाही हे तेव्हाच कळतं. फार जास्त लागली तर हाडावर ताण येतो, कधी स्क्रू तुटतोही, म्हणून तिथे थांबायचं. मुलाला जाणवतो तो दाब आणि चमत्कारिक करकर. दुखत नाही, पण आवाज डोक्यात घुमतो. हे आधी सांगितलं नाही तर मूल दचकतं. दोन स्क्रूंना वीसेक मिनिटं लागली. त्यातली निम्मी गप्पांत गेली. शेवटी चिमट्याने स्क्रू हलवून पाहिला, हलला नाही.

घरी : पहिले पंधरा दिवस

बधिरपणा दोन-तीन तास राहतो. तोवर गरम चहा-दूध नको, आणि मूल ओठ किंवा गाल चावत नाही ना, ते बघा. त्या संध्याकाळी दुखलं तर पॅरासिटामॉल पुरतं. मात्रा वजनावर ठरते, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. ४० किलोच्या मुलाला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर. यकृताचा त्रास किंवा इतर औषधं चालू असतील तर आधी विचारा. अॅस्पिरिन देऊ नका. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागत नाही. "डॉक्टरांनी दिलंच नाही" म्हणून दुकानातून आणू नका.

खाण्यात तीन-चार दिवस वरण-भात, खिचडी, दहीभात, मऊ पोळी, उकडीचे मोदक. त्यानंतर नेहमीचं, पण स्क्रू तोंडात आहे तोवर चिक्की, ऊस, कडक चकली, भाजलेलं कणीस दातांनी तोडून, बर्फाचा गोळा चावून, हे बंद. वडापाव चालतो. हा प्रश्न मला इतक्यांदा येतो, की आता भिंतीवर लिहून ठेवायच्या विचारात आहे.

ब्रश दुसऱ्या दिवसापासून, मऊ केसांचा. स्क्रूचं डोकं दातच आहे असं समजून हलक्या हाताने घासायचं, गोल फिरवत. विजेवर चालणारा ब्रश स्क्रूवर टेकवू नका. क्लोरहेक्सिडिनची चूळ आठवडाभर, दिवसातून दोनदा, पण पेस्ट लावून ब्रश केल्यावर लगेच नाही. पेस्टमुळे त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून अर्धा तास थांबा. जास्त दिवस वापरलं तर दात तपकिरी दिसू लागतात.

सगळ्यांत अवघड असते जीभ. नवीन वस्तू तोंडात आली की ती तिथे शंभरदा जाते, ढकलते, चाचपते. पेन्सिल चावणारी, बोटाने स्क्रू हलवून मित्राला दाखवणारी मुलं हमखास माझ्याकडे लवकर परत येतात. पहिला आठवडा स्क्रूच्या डोक्यावर थोडं ऑर्थोडॉन्टिक मेण लावून ठेवा, टोचणंही कमी होतं आणि जिभेचा चाळाही. शिवाजी पार्कात मल्लखांबाला, कबड्डीला जाणारी मुलं आठवडाभर घरी बसवा. नंतर माउथगार्ड घालून जाऊ द्या. तो तारांवर बसेल असा बनवून घ्या.

हलला, सुजला, निघाला तर

स्क्रूभोवती थोडा लालसरपणा पहिले काही दिवस असतोच. सूज वाढत गेली, पू आला, ताप आला, दाबल्याशिवायही ठणका लागला तर त्याच दिवशी फोन करा. स्क्रू बोटाला किंचित हलतोय असं वाटलं तर घाबरून तो काढू नका, त्यावर लावलेली रबरं किंवा स्प्रिंग घरी ताणू नका, दाखवा. किंचित हलणारा स्क्रू काही काळ ओढ काढून ठेवल्यावर पुन्हा स्थिरावल्याचंही मी पाहिलं आहे, पण भरवसा नाही.

पूर्ण निघून आला तर डबीत ठेवून घेऊन या. भोक आपोआप भरतं. दुसरा स्क्रू शेजारच्या जागी लगेच घालता येतो. त्याच जागी घालायचा तर हाड भरेपर्यंत थांबावं लागतं. गिळला गेला तर बहुधा शौचावाटे निघून जातो, तरी कळवा. पण स्क्रू दिसत नाही आणि मूल सतत खोकतंय, श्वास घ्यायला त्रास होतोय, तर दातांच्या डॉक्टरकडे नव्हे, सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या.

मधले महिने

या काळात पालकांना फारसं काम नसतं. भेटी चार ते सहा आठवड्यांनी. ओढ अगदी हलकी ठेवतो, सुळ्यासाठी पन्नास-साठ ग्रॅमपुरती. "जरा जोर लावा, लवकर संपेल," असं बाबालोक म्हणतात. जोराने दात लवकर येत नाही, मूळ झिजतं. तोंडातल्या रबरांचे तास सांगितले असतील तर ते पाळणं एवढं एकच काम मुलाचं. रबरं शाळेच्या डब्यात जादा ठेवा. एमआरआय करायची वेळ आली तर स्क्रू आणि तारा दोन्हींची कल्पना आधी द्या.

आजींच्या नातीच्या सुळ्याचं टोक अकराव्या महिन्यात दिसलं. अजून बराच खाली यायचा आहे.

काढताना

काढायला बहुतेक वेळा इंजेक्शन लागत नाही, जेल पुरतो. ड्रायव्हर उलटा फिरवला की अर्ध्या मिनिटात स्क्रू हातात येतो. कधी हाडाने जास्त घट्ट धरलेला असतो. मग जोर न करता थोडा सैल करून काही दिवसांनी पुन्हा बघतो. रक्त दोन थेंब. त्या दिवशी मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा. कातडी काही दिवसांत मिटते, आतलं हाड भरायला काही महिने लागतात.

उलट्या चाव्यासाठी उपचार केलेल्या मुलांनी मात्र स्क्रू निघाला म्हणून येणं थांबवू नये. खालचा जबडा त्यानंतरही वाढतो, मुलग्यांमध्ये अठरापर्यंत आणि कधी पुढेही. वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या आसपास, फोटो आणि मोजमापासाठी यावं.

निघालेला स्क्रू मुलं हटकून मागतात. देता येत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार धातूच्या वस्तू निळ्या खुणेच्या डब्यात जातात. म्हणून मुलांना द्यायला मी खणात नमुन्याचे, न वापरलेले, टोक घासलेले दोन-चार ठेवते.